मिरचीचे वाण

मिरची ही वांगे, टोमॅटो, बटाटा आणि धोतरा यांच्या कुळातील (सोलॅनेसी) झुडूपवजा वनस्पती असून तिच्या फळांनाही मिरची असेच म्हणतात. तिचे असंख्य वाण जगभर लागवडीत आहेत. मराठी घरांत बेडगी, संकेश्वरी, लवंगी, गुंटूर, ज्वाला, ढोबळी अशी नावे नित्य ऐकू येतात. परंतु ही नावे एका कसोटीवर दिलेली नाहीत. बेडगी, संकेश्वरी आणि गुंटूर ही गावांची नावे आहेत. लवंगी आणि ढोबळी ही आकारावरून पडलेली नावे आहेत, तर ज्वाला हे संशोधन संस्थेने आपल्या वाणाला दिलेले नाव आहे. केवळ नावावरून मिरचीचे सगळे गुण कळत नाहीत ते यामुळेच. तिखटपणा, रंग, सालीची जाडी आणि वास हे मिरचीचे गुण बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्र असतात. गडद लाल मिरची तिखट असेलच असे नाही आणि फिकट पोपटी मिरची सौम्य असेलच असेही नाही. बागेसाठी रोप निवडताना किंवा वर्षाच्या मसाल्यासाठी मिरची घेताना यांपैकी कोणता गुण हवा आहे, हे आधी ठरवावे लागते.

हिरवी मिरची आणि लाल मिरची हे दोन वेगळे वाण आहेत असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात त्या एकाच फळाच्या दोन अवस्था आहेत. कोवळे फळ हिरवे असते. पिकताना हरितद्रव्य नाहीसे होऊन कॅप्सँथिनसारखी लाल रंगद्रव्ये तयार होतात. मात्र काही वाण हिरवेपणी तोडण्यास आणि काही वाळवण्यास अधिक योग्य असतात, म्हणून बाजारात त्यांची वाट वेगळी होते.

नाव आणि मूळ

मिरचीचे मूळ स्थान अमेरिका खंड होय. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत ती हजारो वर्षांपासून खाल्ली जात आहे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी भारतीय स्वयंपाकातील तिखटपणा मुख्यतः काळी मिरी, पिंपळी आणि आले यांचा होता.

नव्या फळाला नाव मिळाले ते मिरीवरूनच. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी; मराठीतील ‘मिरे’ आणि ‘मिरची’ हे दोन्ही शब्द त्याच घराण्यातले आहेत. कोकणीत मिरचीला ‘मिरसांग’ म्हणतात. तमिळमध्ये मिरीला ‘मिळगु’ आणि मिरचीला ‘मिळगाय’ म्हणजे जणू मिरीचे फळ म्हणतात. कन्नडमध्येही मिरचीचे नाव मिरीच्या नावावरूनच साधले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोघींचे काहीही नाते नाही. मिरी हा वेल असून त्याचे कूळ वेगळे आहे आणि त्यातील तिखट द्रव्यही निराळे आहे.

जाती आणि वाण

कॅप्सिकम या प्रजातीतील पाच जाती मनुष्याने लागवडीखाली आणल्या आहेत: ॲन्यूअम, फ्रुटेसेन्स, चायनेन्स, बकाटम आणि प्युबेसेन्स. महाराष्ट्रात पिकणारी जवळजवळ सर्व मिरची, म्हणजे लवंगीपासून ढोबळीपर्यंत, ॲन्यूअम या एकाच जातीत मोडते. मेक्सिकोतील हालापेन्यो आणि हंगेरीतील पाप्रिका याही त्याच जातीच्या होत. एका जातीत इतकी विविधता असणे हे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे फळ आहे.

नावांनी येथेही थोडी फसवणूक केली आहे. ‘ॲन्यूअम’ म्हणजे वार्षिक. परंतु जेथे हिवाळ्यात हिमतुषार पडत नाहीत तेथे हे झाड अनेक वर्षे जगू शकते. ‘चायनेन्स’ म्हणजे चीनची. पण या जातीचा चीनशी उगमाचा काहीही संबंध नाही. १७७६ मध्ये निकोलाउस फॉन याक्वीन या शास्त्रज्ञाने ती चीनमधून आली असावी अशा समजुतीने हे नाव दिले आणि ते तसेच राहिले. कॅरिबियन भागातील आबानेरो ही याच जातीची आहे. ईशान्य भारतातील भूत जोलकिया हीदेखील मुख्यतः चायनेन्सच असून तिच्यात फ्रुटेसेन्सचा काही अंश मिसळलेला आहे.

तिखटपणा आणि त्याचे मोजमाप

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन आणि त्याच्यासारख्या काही द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये बियांत तयार होत नाहीत. ज्या पांढरट, मऊ पडद्याला बिया चिकटलेल्या असतात त्या पडद्यात ती तयार होतात आणि बियांना केवळ लागतात. मिरचीचा तिखटपणा कमी करायचा असेल तर नुसत्या बिया झाडून पुरत नाही. आतील पांढरा भाग खरवडून काढावा लागतो. ढोबळी मिरचीत हा पडदा असतो, पण कॅप्सायसिन तयार करणारे जनुक निकामी असल्याने ती गोडसर लागते.

कॅप्सायसिनमुळे प्रत्यक्षात काहीही भाजत नाही. उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंवरील ग्राहीला ते उत्तेजित करते आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. या ग्राहीचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूशियन यांच्यासमवेत मिळाले. पक्ष्यांमध्ये हा ग्राही कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट पिकलेल्या मिरच्या निवांतपणे खातो. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही अधिक उपयोगी पडते ते यामुळेच. मिरच्या चिरण्यापूर्वी हाताला तेल लावण्याची घरगुती रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

तिखटपणा मोजण्याची पहिली रूढ पद्धत अमेरिकेतील औषधनिर्माणशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मांडली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तिखट लागेनासा होतो, हे चाखणाऱ्या मंडळींकडून ठरवले जाई. आज रासायनिक विश्लेषणाने हे काम होते, परंतु एकक स्कोव्हिल यांच्याच नावाने ओळखले जाते. ढोबळी मिरचीचा अंक ० आहे. हालापेन्योचा अंक सुमारे २,५०० ते ८,००० आणि आबानेरोचा १ ते ३.५ लाख असतो. भूत जोलकियाचा अंक १० लाखांच्या पुढे गेल्याने २००७ मध्ये तिची जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंद झाली होती. २०२३ पासून हा मान अमेरिकेतील ‘पेपर एक्स’ या वाणाकडे असून त्याचा अंक सुमारे २६.९ लाख आहे. शुद्ध कॅप्सायसिनचा अंक १ कोटी ६० लाख मानला जातो. अशा विक्रमी वाणांचा रोजच्या स्वयंपाकाला फारसा उपयोग नाही.

हे अंक स्थिर नसतात हेही लक्षात घ्यावे लागते. पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची मिरची सहसा अधिक तिखट निघते. एकाच झाडावरील दोन मिरच्यांतही फरक पडतो. म्हणून वाणापुढील अंकाकडे अंदाज म्हणूनच पाहावे.

महाराष्ट्र, गोवा आणि शेजारचे वाण

बेडगी मिरचीचे नाव कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी या गावावरून आले. ही मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि कमी तिखट असते. तिच्या ‘डब्बी’ आणि ‘कड्डी’ अशा दोन तऱ्हा आहेत. डब्बी आखूड व फुगीर असते, तर कड्डी लांब व सडपातळ असते. कन्नडमध्ये ‘कड्डी’ म्हणजे काडी. बेडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यापासून काढलेला रंगार्क खाद्यपदार्थांप्रमाणेच सौंदर्यप्रसाधनांतही वापरला जातो. मालवणी मसाल्याला आणि किनारपट्टीवरील माशांच्या कालवणाला लाली देण्याचे काम बहुधा तिचेच असते.

संकेश्वरी मिरची बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वर आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसराशी जोडलेली आहे. तेथे तिला जवारी, म्हणजे गावठी मिरची, असेही म्हणतात. ती लांब, बारीक, पातळ सालीची असून रंग आणि तिखटपणा या दोन्ही बाबतींत जमेची आहे. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा खमंग वास तिच्यावाचून साधत नाही, असे त्या भागातील जाणकारांचे मत आहे.

विदर्भात नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची तिच्या लालभडक रंगासाठी प्रसिद्ध आहे. तिलाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, मात्र तिच्या लागवडीचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने बरेच घटले. उत्तर महाराष्ट्रात नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. तेथे ओली लाल मिरची विकत घेऊन उघड्या मैदानांवर वाळत घातली जाते. या मैदानांना ‘पथारी’ म्हणतात. हंगामात मैलोगणती लाल दिसणाऱ्या या पथाऱ्या त्या शहराची ओळख आहेत. अवकाळी पाऊस आला तर तेथील संपूर्ण माल धोक्यात येतो.

गोव्यात मिरची प्रथम रुजली आणि तेथील गावोगावी तिची निराळी रूपे तयार झाली. काणकोण तालुक्यातील खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतली जाते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेडणे तालुक्यातील हरमल मिरचीलाही ते मिळाले आहे. हळदोणे गावची मिरचीही प्रसिद्ध आहे. माशात भरावयाचा रेशाद मसाला व्हिनेगरमध्ये वाटतात. त्याला केवळ तिखट मिरची चालत नाही, रंग आणि अंगचा गर असलेली मिरची लागते.

आंध्र प्रदेशातील गुंटूर हे देशातील मिरचीच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे. ‘गुंटूर सन्नम’ हा तेथील मानांकनप्राप्त वाण जाड सालीचा व तिखट असून महाराष्ट्रातील तिखटपुडीत त्याचा मोठा वाटा असतो. काश्मिरी मिरचीविषयी मात्र सावध राहणे बरे. या नावाने विकली जाणारी बरीच मिरची काश्मीरबाहेर पिकलेली असते. ‘काश्मिरी’ हा शब्द बाजारात ‘रंगाला गडद, तिखटाला कमी’ एवढ्याच अर्थाने वापरला जातो.

स्वयंपाकातील निवड

ठेचा किंवा खर्डा यांसाठी हिरवी, पातळ सालीची, तिखट मिरची घेतात. तव्यावर परतताना ती पटकन डागाळते आणि लसूण व मिठाबरोबर कुटताना पाणी सोडत नाही. याउलट भज्यांसाठी आणि भरून करण्याच्या मिरचीसाठी लांब, जाड सालीची, पोपटी व सौम्य मिरची हवी असते. सांडग्या मिरचीसाठीही तशीच मिरची चिरून, मीठ, मेथी, धने, हिंग यांचा मसाला भरून उन्हात वाळवतात. काही घरांत ती आधी ताकात भिजवतात. पातळ सालीची मिरची या कामी वापरली तर तळताना क्षणात करपते.

वाळलेल्या मिरचीच्या बाबतीत रंग आणि तिखट यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. मिसळीच्या कटावर किंवा रश्शावर येणारी लाल तर्री म्हणजे तेलात उतरलेला मिरचीचा रंग होय. ही रंगद्रव्ये तेलात विरघळतात, म्हणून तिखटपूड तेलात घातली तर रंग खुलतो आणि नुसत्या पाण्यात घातली तर तितका खुलत नाही. मात्र तेल फार तापलेले असेल तर पूड जळून काळी व कडू होते. पातेले उतरवून किंवा आच मंद करून पूड घालणे हा त्यावरचा उपाय होय.

वर्षाचा मसाला करताना बहुतेक घरांत दोन-तीन मिरच्या मिसळतात. रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला लवंगी किंवा गुंटूर ही एक रूढ विभागणी आहे. प्रमाण घरोघरी निराळे असते. तिखट कमी हवे म्हणून एकूण मिरचीच कमी करणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने रंग जातो आणि रस्सा पातळ दिसतो. तिखट मिरचीचा वाटा घटवून तितकीच बेडगी वाढवली तर मसाल्याचे अंग कायम राहते.

खरेदी करताना मिरची हातात घेऊन हलवावी. चांगली वाळलेली असेल तर बिया खुळखुळतात. मऊ, दमट मिरचीला बुरशी लागते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य निर्माण करतात. पांढरट डागांच्या मिरचीला बाजारात ‘फटकी’ म्हणतात. ती स्वस्त मिळते, पण तिचा रंग व वास गेलेला असतो. घरी आणलेली मिरची पुन्हा एक-दोन कडक उन्हे दाखवून, देठे खुडून मगच कांडपाला न्यावी. दळलेल्या पुडीचा रंग प्रकाश व दमटपणा यांनी उडतो. म्हणून ती बंद बरणीत, अंधाऱ्या जागी, हिंगाचा खडा घालून ठेवण्याची पद्धत आहे.

घरच्या बागेत

कुंडीत मिरची चांगली येते. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची, तळाला भोके असलेली कुंडी एका झाडाला पुरते. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळावे. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरतात. हवा उबदार असेल तर ते आठ-दहा दिवसांत उगवते आणि पाच-सहा आठवड्यांनी रोप लावण्याजोगे होते. महाराष्ट्रात पावसाळी लागवडीसाठी मे-जूनमध्ये, तर हिवाळी लागवडीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे तयार करतात. कोवळी रोपे जास्त पाण्याने बुंध्याशी कुजून कोलमडतात. मिरचीची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात.

घरासाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे दोन वाण सोयीचे आहेत. ‘पुसा ज्वाला’ची मिरची लांब, वाकडी, फिकट हिरवी व तिखट असते. ‘पुसा सदाबहार’ला मिरच्या घोसाने, आकाशाकडे तोंड करून लागतात आणि झाड दोन-तीन वर्षे उत्पन्न देते, छाटणी केली की नवी फूट येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले ज्योती’ हाही घोसाने फळे देणारा वाण आहे. बेडगी कुंडीत येत नाही असे नाही, परंतु तिची कीर्ती हावेरी-धारवाडच्या काळ्या जमिनीतील कोरडवाहू पिकाची आहे. गच्चीवर भरपूर पाणी पिऊन वाढलेल्या झाडाकडून त्याच रंगाची अपेक्षा करू नये.

फुले गळणे ही नेहमीची तक्रार असते. तीव्र उन्हाळा, पाण्याची अनियमितता किंवा नत्राचा अतिरेक ही त्याची सामान्य कारणे आहेत. शेणखताच्या भरमसाट मात्रेने झाड हिरवेगार होते आणि फळ धरत नाही. पाने आक्रसण्याच्या विकृतीला शेतकरी ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात. पानांच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळल्या तर कोळी कारणीभूत असतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूनेही पाने गुंडाळतात व झाड खुजे राहते. किडींवर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सुरुवातीला उपयोगी पडते; विषाणू लागलेले झाड मात्र उपटून टाकावे लागते, त्यावर औषध नाही.

बियाणे राखणे

मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते, परंतु मधमाश्या व इतर कीटकांमुळे परपरागणही बरेच होते. ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते, असे पुष्कळ जण सांगतात. त्या वर्षीच्या फळापुरते ते खरे नाही. फळाची साल आणि आतील पडदा आईच्या झाडाचेच असतात. बाहेरच्या परागाचा परिणाम बियांत दडतो आणि त्या बिया पेरल्यावर पुढील पिढीत दिसतो. त्यामुळे बी धरायचे असेल तर फूल उमलण्यापूर्वीच एखाद्या फांदीला तलम कापडाची पिशवी बांधावी, फळ धरल्यावर पिशवी काढून त्या फळाला दोरा बांधून खूण करावी. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे, बी सावलीत वाळवावे. कोरड्या जागी ते दोन-तीन वर्षे उगवणक्षम राहते.

बाजारातून आणलेल्या वाळक्या मिरचीचे बी पेरण्याची पद्धतही आहे. ते पुष्कळदा उगवते, परंतु मिरची संकरित वाणाची असेल तर तिची पुढील पिढी सारखी निघत नाही. ब्याडगीच्या बाजारातही आता बेडगीसारख्या दिसणाऱ्या संकरित मिरच्या मोठ्या प्रमाणावर येतात. त्यांचे उत्पादन अधिक असल्याने शेतकऱ्याला त्या परवडतात, आणि यात त्याला दोष देता येत नाही. भौगोलिक मानांकनाने नावाचे रक्षण होते. बियाण्याचे रक्षण ते पेरणाऱ्या हातांकडूनच होते. जुन्या गावठी वाणांचे बी कंपन्यांच्या पाकिटांत सहसा मिळत नाही. ते गडहिंग्लज किंवा काणकोण परिसरातील शेतकरी कुटुंबांकडे दरवर्षीच्या पिकातून निवडून, राखेत किंवा मडक्यात ठेवलेले असते, आणि एका हंगामात ते पेरले गेले नाही तर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याची उगवणशक्ती जाते.